नजर चांगली आहे तोवरच पडदा तपासा

मधुमेह असलेल्या माणसाला डोळे तपासून घ्या म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय!" माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या केशवाहिन्या फार नाजूक. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंतीला बारीक फुगे येतात, त्यांतून रक्त आणि द्रव पाझरतो. हे कडेला चाललं असेल तर वाचताना काहीच जाणवत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्यालाही रेटिनोपॅथी, म्हणजे पडद्याचा हा आजार, असू शकते. पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलावर सूज आली की मग अक्षरं पुसट होतात, सरळ रेघ वाकडी दिसते.

काहींच्या केशवाहिन्या पुढे बंदच पडतात. प्राणवायूला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्या ठिसूळ असतात. त्यांतून रक्तस्राव झाला की डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी येते. त्यांच्यासोबत वाढलेली ऊती आक्रसली, तर पडदा ओढला जाऊन सुटतो.

चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंगही फुगतं. साखर स्थिरावल्याशिवाय नवा चष्मा करू नका.

टाइप २ मधुमेहात पडद्याची तपासणी निदान होताच करायची, कारण आजार नेमका कधीपासून आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत. नंतर साधारण दरवर्षी, आणि गरोदरपणात अधिक जपून. थेंब टाकून बाहुली मोठी करतात. काही तास धूसर दिसतं, त्यामुळे त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

साखर आटोक्यात ठेवल्याने खरंच फरक पडतो का? टाइप १ च्या रुग्णांवरच्या डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. काटेकोर नियंत्रणाने नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. मात्र आधीच रेटिनोपॅथी असलेल्या काहींची अवस्था सुरुवातीला थोडी बिघडली. म्हणून साखर झपाट्याने उतरवण्याआधी पडदा दाखवून घेतलेला बरा. रक्तदाबही सांभाळायचा, हे वेगळं सांगायला नको.

उपचारांबद्दल माझी तक्रार रुग्णांपेक्षा आम्हा सांगणाऱ्यांकडेच जास्त आहे. लेझरने नजर वाढत नाही, उरलेली टिकते, आणि कडेची व रात्रीची थोडी कमीही होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस फसवल्यासारखा वागतो. मॅक्युलाच्या सुजेवर डोळ्यात इंजेक्शन देतात. भूल दिलेली असल्याने फारसं दुखत नाही, पण एकाने भागत नाही. पहिल्या वर्षात बरीच घ्यावी लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्यानंतर दिसायला लागलं की लोक येणं थांबवतात. सूज परत येते ती नेमकी अशा वेळी.