विरळ प्लाझ्मातील लाट

भरती चढली की ऐरोलीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगो पाहायला निघालेली होडी खाडीचे मळकट पाणी दोन्ही अंगांना सारत पुढे जाते. मागे ते पाणी पुन्हा मध्ये धावते, वेगाच्या भरात पुढे निसटते, परतते, आणि या येरझारीतून उठलेली लाट होडीच्याच वेगाने तिच्या पाठोपाठ येत राहते. कुणी सोडलेला नारळ मात्र लाट आली की वरखाली होतो आणि जवळपास जागीच राहतो.

प्लाझ्मात, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत, होडीची जागा लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, घेतो. ३० फेमटोसेकंदांचा (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) हा स्पंद जेमतेम ९ मायक्रोमीटर लांब, म्हणजे केसाच्या जाडीहूनही आखूड असतो. त्याची तीव्रता मात्र दर चौरस सेंटीमीटरला १ वर १८ शून्ये इतके वॅट असते. त्याची पुढची कडच हायड्रोजनच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करते, आणि मागून येणारा प्रकाशाचा दाब त्यांना बाजूला सारतो. अठराशे पटींनी जड असलेले आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, तेवढ्या वेळात हलतही नाहीत. त्यामुळे स्पंदामागे धन विद्युतभाराची पोकळी उरते आणि तिच्या ओढीने इलेक्ट्रॉन परत फिरतात. बहुतेकांची गत त्या नारळासारखीच होते. पोकळीच्या शेपटाशी पुरेशा वेगाने पोहोचलेले थोडेच लाटेवर स्वार होतात. त्यांना मीटरमागे सुमारे १० हजार कोटी व्होल्टचे विद्युतक्षेत्र मिळते. नेहमीच्या त्वरकाच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या, धातूच्या पोकळ्यांत ते काही कोटींपुढे नेले की ठिणग्या उडू लागतात. प्लाझ्मातले अणू आधीच मोडलेले असल्याने त्याला ती धास्ती नाही.

ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये मांडली, तेव्हा असा लेसरच नव्हता. स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी दाबण्याची युक्ती स्ट्रिकलंड आणि मुरू यांनी १९८५ मध्ये दाखवली. तिला २०१८ चे नोबेल मिळाले.

खरी गंमत आहे ती विरळपणात. या प्लाझ्मात घन सेंटीमीटरमागे जितके इलेक्ट्रॉन असतात, त्याच्या सुमारे पंचवीसपट रेणू आपल्या भोवतीच्या हवेत असतात. दाट प्लाझ्मात लाट अधिक जोरकस उठते हे खरे, पण त्यात लेसर किंचित मंदावतो आणि इलेक्ट्रॉन लाटेला मागे टाकून तिच्या उलट्या उतारावर जातात, जिथे कमावलेली ऊर्जा गमवावी लागते. घनता चौथाई केली, तर क्षेत्र निम्मे होते, पण इलेक्ट्रॉन लाटेवर टिकण्याचे अंतर आठपट वाढते. हिशेबाअंती ऊर्जा चौपट मिळते.

अर्थात तेवढे अंतर लेसर एकवटलेला राहायला हवा, एरवी तो पसरून जातो. अमेरिकेतील बर्कली येथे २० सेंटीमीटर लांबीच्या नळीत दुसऱ्या लेसरने मधला प्लाझ्मा तापवून आणखी विरळ केला, त्यामुळे प्रकाश कडांकडून आत वळत राहिला. २०१९ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनांनी जवळजवळ ८०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ८०० कोटी व्होल्टच्या फरकातून इलेक्ट्रॉनला मिळेल इतकी, ऊर्जा गाठली.