हात कशाकडे गेला?

(दृश्य : मंद उजेडाची खोली. टेबलाएवढा एक छोटा रंगमंच. पडदा वर जातो.)

एका बाजूला चेंडू, दुसऱ्या बाजूला टेडी अस्वल. समोर आईच्या मांडीवर ९ महिन्यांचं बाळ.

बाजूने एक हात आत येतो. माणूस दिसत नाही, फक्त हात. तो सरळ टेडीकडे जातो, टेडी धरतो आणि तसाच थांबतो. बाळ बघत राहतं. मग मान वळवतं. पडदा पडतो. पडदा पुन्हा वर जातो. तोच हात, तोच टेडी.

हा प्रयोग डॉ. अमांडा वुडवर्ड यांचा. बाळांना दुसरी माणसं कशी कळत जातात, हे शोधण्यात शिकागो विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपली उमेदीची वर्षं घातली. १९९८ साली 'कॉग्निशन' या नियतकालिकात त्यांनी हे काम मांडलं. त्यातला प्रश्न ऐकायला साधा आहे. दुसऱ्याचा हात हलताना बाळाला काय दिसतं? नुसती हालचाल, की त्या माणसाला काय हवंय ते?

आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही. समोरच्याने तांब्याकडे हात नेला की आपण म्हणतो, पाणी हवंय. हात किती उंच उचलला, कोपर कसं वळलं, हे कुणी नंतर विचारलं तर आठवणारही नाही. आपण हालचाल टाकून देतो आणि हेतू तेवढा लक्षात ठेवतो. ही सवय आपल्याला लागली कधी? बोलायला लागल्यावर, की त्याच्या कितीतरी आधी?

(दृश्य : बाळाचा चेहरा, अगदी जवळून.)

बोलता न येणाऱ्याला विचारायचं कसं? बाळ हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. पण त्याला बघता येतं आणि कंटाळताही येतं. या दोन गोष्टींवर ही सगळी पद्धत उभी आहे.

एकच दृश्य पुन्हापुन्हा दाखवायचं. बाळ दर वेळी किती सेकंद बघतं ते मोजायचं. पहिल्या तीन वेळांचं बघणं हे माप. पुढे सलग तीन वेळांचं मिळून बघणं त्याच्या निम्म्यावर आलं, की समजायचं, बाळ या दृश्याला सरावलं. आता त्यात काहीतरी बदलायचं आणि बाळाचे डोळे पुन्हा टवकारतात का ते पाहायचं. जो बदल त्याच्या लेखी खरा बदल असेल, त्याच्याकडे ते जास्त वेळ बघेल.

(दृश्य : पडदा पडलेला. आत दोन हात खेळण्यांची अदलाबदल करतात.)

पडद्याआड टेडीच्या जागी चेंडू येतो, चेंडूच्या जागी टेडी. पडदा वर जातो. आता दोन गोष्टी घडू शकतात. एक, हात जुन्याच वाटेने जुन्याच जागी जातो, पण तिथे आता चेंडू आहे, म्हणून चेंडू धरतो. दुसरी, हात नव्या वाटेने पलीकडच्या बाजूला जातो आणि पहिल्यासारखा टेडीच धरतो.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर हाताच्या दृष्टीने मोठा बदल दुसऱ्या गोष्टीत आहे. हाताची दिशा बदलली, वाट बदलली. पहिल्यात हात तसूभरही वेगळा हलत नाही.

बाळं जास्त वेळ बघत राहिली ती पहिल्याकडे. हात तोच, वाट तीच, पण धरलं मात्र भलतंच!

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ज्याला अजून 'मला' म्हणता येत नाही, त्या जिवाने हाताची वाट सोडून दिली आणि हात कशासाठी गेला होता ते लक्षात ठेवलं. तांब्याकडे गेलेला हात बघून आपण जे करतो, तेच.

पण एवढ्याने वुडवर्ड यांचं समाधान झालं नाही. बाळ कुठल्याही हलत्या वस्तूबाबत असंच करत असेल तर? म्हणून दुसऱ्या काही बाळांना हाताऐवजी साधारण हाताएवढीच एक निर्जीव वस्तू दाखवली. ती तशीच आत येते, तशीच खेळण्याला टेकते. त्या बाळांच्या बघण्यात तो फरक पडला नाही. ६ महिन्यांच्या बाळांना तर बोटं असलेलं, खेळणं पकडणारं निर्जीव साधनही दाखवून झालं. तरीही नाही. माणसाच्या हाताबाबत मात्र ६ महिन्यांची बाळंही ९ महिन्यांच्या बाळांसारखीच वागली.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, आणखी बारीक कस लावला. हात माणसाचाच, पण खेळणं धरायचं नाही. पालथा हात खेळण्यावर नुसता टेकवायचा, आपला हात सहज सोफ्यावर पडावा तसा. बाळांनी याला 'घेणं' मानलं नाही. म्हणजे हात दिसला की झालं, असंही नाही. हात काय करतोय, तेही बाळ पाहतं.

आणि २००४ चा हातमोज्याचा प्रयोग मला फार आवडतो. हातावर हातमोजा चढवला, तर बाळांना तो हात माणसाचा वाटेनासा झाला. त्याच्याकडे ती निर्जीव वस्तूसारखी बघू लागली. मग आधी हातमोजा घातलेलं ते अख्खं माणूस बाळांना दाखवलं, आणि हात पुन्हा 'कुणाचा तरी' झाला.

(दृश्य : चटईवर उताणं पडलेलं ३ महिन्यांचं बाळ. हात हवेत.)

आता या कथेतला सगळ्यात सुंदर भाग.

१९९८ च्या प्रयोगात ५ महिन्यांच्या बाळांमध्येही हा परिणाम दिसला होता, पण फिकट. मग ५ ते ९ महिन्यांत असं काय घडतं? घरात तान्हं असेल त्यांना उत्तर ठाऊक आहे. बाळाला हात सापडतो.

३ महिन्यांच्या बाळाचा हात अजून पुरता त्याचा झालेला नसतो. मूठ हवेत फिरते, मध्येच स्वतःच्याच गालावर आपटते. खुळखुळा हातात दिला तर बोटं त्यावर मिटतात. तोच खुळखुळा समोर ठेवा, बाळ डोळे मोठे करून बघेल, पाय झाडेल, हुंकारेल. घेता येणार नाही. हवंय, पण हात तिथवर पोचत नाही.

मानसशास्त्रज्ञ एमी नीडहॅम यांनी या वयासाठी एक युक्ती शोधली होती. छोटे हातमोजे, तळहाताच्या बाजूला वेल्क्रो. खेळण्यांच्या कडांनाही वेल्क्रो. बाळाचा हात कसाबसा खेळण्यावर पडला की खेळणं चिकटतं आणि हाताबरोबर हलू लागतं. २००५ मध्ये जेसिका सॉमरव्हिल, वुडवर्ड आणि नीडहॅम यांनी ही युक्ती त्या जुन्या रंगमंचाशी जोडली.

३ महिन्यांची बाळं घेतली. निम्म्यांना आधी हातमोजे घालून काही मिनिटं खेळू दिलं आणि मग मंचावरचा हात दाखवला. उरलेल्यांना आधी मंच, मग हातमोजे. मंचावरच्या हातातही तसाच हातमोजा होता.

ज्यांनी आधी मंच पाहिला त्यांच्या बघण्यात काही फरक पडला नाही. चेंडू धरला काय, टेडी धरला काय, सारखंच. पण ज्यांनी काही मिनिटांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काहीतरी 'घेतलं' होतं, ती बाळं हाताने दुसरं खेळणं धरल्यावर जास्त वेळ बघत राहिली.

(थोडी शांतता. हातमोज्याला चिकटलेला चेंडू, त्याकडे बघणारं बाळ.)

काही मिनिटं. तेवढ्यात स्वतःच्या हाताने जे कळलं, ते दुसऱ्याच्या हातात दिसू लागलं.

इथेही शंका घ्यायला जागा आहे. हातमोजे आणि खेळणी नुसती जास्त वेळ बघितल्यामुळे हे झालं असेल का? साराह गर्सन आणि वुडवर्ड यांनी २०१४ मध्ये ते तपासलं. काही बाळांना हातमोजे घालून खेळू दिलं, काहींना दुसरं कुणी तसं खेळताना नुसतं बघू दिलं. नुसतं बघणाऱ्यांना तो फायदा झाला नाही. करणाऱ्यालाच कळलं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या चिकट हातमोज्यांवर नंतर बरीच चर्चा झाली. सगळ्या प्रयोगशाळांना सारखे निष्कर्ष आले नाहीत. खेळण्याकडे हात नेणं बाळ लवकर शिकतं ते वेल्क्रोमुळेच का, यावरही मतभेद आहेत. आणि बाळ एखाद्या गोष्टीकडे जास्त सेकंद बघतं, यावरून त्याच्या मनात 'त्याला टेडी हवाय' असं पूर्ण वाक्य आहे असं कुणी समजू नये. वुडवर्ड यांनी १९९८ मध्येही एवढंच म्हटलं होतं की बाळांची पाहण्याची रीत मोठ्यांच्या समजुतीशी जुळणारी आहे. मला हा संयम मोलाचा वाटतो.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या पाळण्याशी बसून नोंदी केल्या आणि बुद्धी हाताच्या कृतीतून वाढते असं मांडलं, त्याला कितीतरी दशकं झाली. त्यांच्या बोलण्यात वस्तू कळण्याचा भाग मोठा होता. वुडवर्ड यांच्या कामामुळे दिसतं की त्याच हाताच्या वाटेने माणसंही कळू लागतात.

(दृश्य : गच्ची, संध्याकाळ. कडेवरचं मूल. वर चंद्रकोर.)

आपल्याकडे घासागणिक बोट दाखवलं जातं. तो बघ काऊ, ती बघ चिऊ, तो बघ चांदोबा. आणि लहानगं बाळ बघतं ते बोटाकडे! आजी हसते, बोट आणखी लांब करते. हेच प्रयोगशाळेत वुडवर्ड आणि होजे ग्वाहार्डो यांनी २००२ मध्ये पाहिलं. बोटाचा आणि वस्तूचा संबंध १२ महिन्यांच्या बाळांना उमगला होता, ९ महिन्यांच्यांना नाही. आणि जी बाळं स्वतः बोट दाखवू लागली होती, त्यांना दुसऱ्याचं बोटही कळत होतं.

नजरेचंही तसंच. ७ आणि ९ महिन्यांची बाळं मोठ्यांच्या नजरेमागे स्वतःची नजर वळवतात, त्यामुळे आपल्याला वाटतं त्यांना सगळं समजलं. पण वुडवर्ड यांच्या २००३ च्या प्रयोगात मंचावरच्या बाईने आपली नजर एका खेळण्यावरून दुसऱ्यावर नेली, तेव्हा या बाळांना त्यात विशेष वाटलं नाही. १२ महिन्यांच्यांना वाटलं. नजरेमागे जाणं आधी येतं, नजरेचा अर्थ नंतर.

आणि वर्षाच्या पुढे आणखी एक दार उघडतं. १३ महिन्यांच्या बाळाला कळतं की टेडी हवा होता तो या बाईला. त्या दुसऱ्या बाईलाही तोच हवा असेल असं ते धरून चालत नाही. आवड ही ज्याची त्याची.

तरी स्वतःच्या आवडीपलीकडे जाऊन वागायला थोडा वेळ लागतोच. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात बेट्टी रेपाकोली आणि ॲलिसन गॉप्निक यांनी मुलांपुढे ब्रोकोली आणि खारी बिस्किटं ठेवली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडली. समोरच्या बाईने मात्र बिस्किट खाऊन नाक मुरडलं, ब्रोकोली खाऊन 'वा!' केलं आणि हात पुढे केला. १४ महिन्यांच्या मुलांनी तिच्या हातावर बिस्किट ठेवलं. १८ महिन्यांच्यांनी तिला ब्रोकोली दिली.

ते बिस्किट मला चुकीचं वाटत नाही. स्वतःला जे सगळ्यात गोड लागलं ते दिलं त्यांनी.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. ७ महिन्यांचं बाळ, डोक्यावर मऊ जाळीची टोपी.)

ही टोपी मेंदूतल्या विद्युतलहरी टिपते. दुखत नाही, टोचत नाही. समोर एक बाई बसल्यात, त्यांच्यासमोर दोन खेळणी. त्या एक उचलतात. मग तीच दोन खेळणी बाळापुढे सरकवतात.

२०१६ मध्ये कोर्टनी फिलिपी, वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. बाईंचा हात बघताना बाळ स्वतः हलत नसलं, तरी त्याच्या मेंदूतली हालचालीची यंत्रणा जागी होत होती. आणि जेव्हा ती जास्त जागी झाली, तेव्हा पुढच्याच क्षणी बाळाने बाईंनी घेतलं होतं तेच खेळणं निवडलं.

बाई आता हात मागे घेतात. दोन्ही खेळणी बाळाच्या हाताच्या अंतरावर आहेत. बाळ एकदा बाईंकडे बघतं, मग खेळण्यांकडे. हात उचलतं.