अमेरिकेतली अकरावी आणि आईवडिलांचे काम

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी महिना लागला की अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कुलांत पुढच्या वर्षीचे विषय निवडण्याची गडबड सुरू होते. मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक हायस्कुलात गणित शिकवते आणि या दिवसांत मराठी पालकांचे फोन मला हमखास येतात. मूल दहावीत असते, सप्टेंबरात अकरावीत म्हणजे ज्युनिअर इयरला जाणार असते, आणि विचारणा बहुतेक वेळा एकच असते : ‘ताई, एपीचे किती विषय घेतले म्हणजे पुरे होतील?’ (एपी म्हणजे हायस्कुलातच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय.) या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि तो आकडा शोधण्यात आईवडिलांची जी शक्ती खर्च होते ती अकरावीच्या मुलांना दुसऱ्याच ठिकाणी हवी असते, असे माझे मत आहे. तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

हा प्रश्न आपल्याला का पडतो, हे मी समजू शकते. आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेचे टक्के आणि प्रवेश परीक्षेचे गुण यांवर प्रवेश मिळवून इथवर आलो. तिथे गुणवत्ता यादी लागत असे आणि आपल्या वर किती नावे आहेत हे पाहिले की पुढचे सारे कळत असे. थोड्याच मुलांना निवडून घेणाऱ्या इथल्या कॉलेजांत अर्ज वाचणारी व्यक्ती मात्र अशी एकच यादी समोर ठेवून बसत नाही. विद्यार्थ्याच्या गुणपत्रकासोबत शाळेने पाठवलेले ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे दोन-चार पानांचे टिपण तिच्यासमोर असते. शाळेत किती मुले आहेत, एपीचे आणि ऑनर्सचे, म्हणजे नेहमीपेक्षा कठीण पातळीचे, कोणते वर्ग चालतात, ते घेण्यावर शाळेने काही मर्यादा घातली आहे का, ग्रेड कशा दिल्या जातात, ही माहिती त्यात असते. ज्या शाळेत एपीचे सहाच विषय आहेत तिथे चार घेतलेली मुलगी आणि जिथे पंचवीस आहेत तिथे चार घेतलेली मुलगी, या दोघींचे अर्ज सारख्या नजरेने वाचले जात नाहीत. म्हणून न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मुलाची कॅलिफोर्नियाच्या फ्रीमॉन्टमधल्या मावसभावाशी तुलना करण्यात काही हशील नाही. आपल्या शाळेचे प्रोफाइल बहुधा शाळेच्या संकेतस्थळावर असते, नसल्यास काउन्सेलरकडे, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाकडे, मिळते. आईवडिलांनी विषयांच्या यादीला हात लावण्याआधी ते शांतपणे वाचावे.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. ती अर्जासाठी जी सरासरी काढते तिच्यात दहावी आणि अकरावीच्या ग्रेड धरल्या जातात, आणि एपी किंवा ऑनर्ससारख्या वर्गांना मिळणारा जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांनाच दिला जातो. आठ सत्रे म्हणजे वर्षभराचे चार विषय. त्यापुढचे विषय वाया जातात असे नाही, कारण अर्ज वाचताना अभ्यासक्रम किती कठीण होता हेही पाहिले जाते. परंतु ‘एक विषय वाढवला की सरासरी आपोआप वाढते’ हा समज तिथे टिकत नाही.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था 1955 पासून हा कार्यक्रम चालवते. परीक्षा मे महिन्यात दोन आठवडे चालतात, गुण एक ते पाच असे मिळतात आणि निकाल जुलैत लागतो. नावनोंदणी मात्र नोव्हेंबरातच करावी लागते आणि प्रत्येक परीक्षेला साधारण शंभर डॉलर पडतात. उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांना सवलत आहे, ती मागायला संकोच करू नये. अनेक सरकारी विद्यापीठे तीन गुणांवर क्रेडिट, म्हणजे तो विषय कॉलेजात पूर्ण झाल्याची नोंद, देतात, काही कॉलेजे चार किंवा पाचच मानतात, आणि कॅलटेकसारखी संस्था एपीसाठी क्रेडिट देतच नाही. तेव्हा ‘एपीमुळे कॉलेजचे एक वर्ष वाचेल’ हा हिशेब कॉलेजचे नाव समोर असल्याशिवाय मांडता येत नाही. अर्ज भरताना परीक्षेचे गुण कळवायचे की नाही हे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातात असते, पण वर्षभराच्या वर्गातली ग्रेड गुणपत्रकावर कायमची उमटते.

आता माझ्या विषयाकडे येते. एपी कॅल्क्युलसच्या दोन वर्गांपैकी एबी घ्यावे की बीसी, यावर घराघरांत वाद होतात. बीसीमध्ये एबीचा सगळा अभ्यास असतो आणि शिवाय अनंत श्रेणी व आणखी काही प्रकरणे असतात, त्यामुळे गती बरीच जास्त असते. मुलाची तयारी ओळखायची असेल तर त्याआधीच्या प्रीकॅल्क्युलस या वर्गाच्या शेवटच्या दोन-तीन चाचण्यांचे कागद पाहावेत, आणि वरचा आकडा न पाहता चूक कोणत्या ओळीत झाली आहे ते पाहावे. माझ्याकडे कॅल्क्युलसचे जे पेपर येतात त्यांत वारंवार दिसणारी गोष्ट अशी की पहिल्या ओळीत भागाकाराचा नियम अचूक लिहिलेला असतो, आणि तिसऱ्या ओळीत ‘क्ष अधिक दोन’ या कंसाचा वर्ग ‘क्ष वर्ग अधिक चार’ असा झालेला असतो. मधले चार क्ष नाहीसे होतात. हे मूल कॅल्क्युलसमध्ये कच्चे नाही. सातवी-आठवीच्या सुट्टीत घाईघाईने उरकलेले बीजगणित त्याला आता आडवे येते आहे. अशा मुलाला एबीमध्ये बसवणे म्हणजे मागे टाकणे नव्हे, आणि बीसीमध्ये बसवायचेच असेल तर उन्हाळ्यात बीजगणिताची डागडुजी आधी करायला हवी. त्याच्याशेजारी बसून ‘आमच्या वेळची रीत’ शिकवण्यापेक्षा ‘ही ओळ तू कशी लिहिलीस ते मला सांग’ एवढेच म्हणावे. सांगता सांगता बहुतेक मुलांना आपली चूक आपणच सापडते, आणि ती मग पुन्हा सहसा होत नाही.

गणितात आपण आत्मविश्वासाने बोलतो. अमेरिकेच्या इतिहासापुढे मात्र आपल्यातले पुष्कळ पालक हात टेकतात. अकरावीत अनेक मुले एपी यूएस हिस्ट्री घेतात. त्या परीक्षेत एक प्रश्न असा असतो की विद्यार्थ्यापुढे सात कागदपत्रे ठेवली जातात, त्यांत एखादे भाषण, एखादे व्यंगचित्र, एखादे खासगी पत्र असू शकते, आणि वाचनाची पंधरा मिनिटे धरून एका तासात त्यांच्या आधारे स्वतःचे म्हणणे सिद्ध करायचे असते. सनावळ्या पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. इथे आईवडिलांना तो इतिहास ठाऊक नसणे उपयोगी पडते. रात्री भांडी आवरताना मुलीला विचारावे की यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, आणि तिचे उत्तर आपल्याला कळेपर्यंत विचारत राहावे. ऐकणाऱ्याला काहीच माहीत नाही म्हटल्यावर तिला कारणे द्यावी लागतात, पुरावा सांगावा लागतो, आणि परीक्षेत नेमके तेच मागितलेले असते.

विषय ठरवताना मी प्रत्येक पालकाला एक गोष्ट आग्रहाने करायला सांगते. एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे 168 तास मांडा आणि मुलासोबत बसून भरा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी रोज आठ ते दहा तासांची झोप सांगितली आहे, म्हणजे किमान 56 तास आधीच बाजूला काढायचे. मग शाळा, बसचा प्रवास, खेळाचा किंवा वाद्यवृंदाचा सराव, जेवणखाण, शनिवार-रविवारचे कार्यक्रम. उरलेल्या तासांत एपीच्या प्रत्येक विषयाला रोज तासभर तरी द्यावा लागेल असे धरून पाहा. पाच विषय त्या कागदावर मावत नाहीत हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि मग ‘तू आळशी आहेस’ असे कोणी कोणाला म्हणायची वेळ येत नाही. कॅलिफोर्नियाने 2022 पासून बहुतेक हायस्कुलांना सकाळी साडेआठच्या आधी वर्ग भरवायला कायद्याने बंदी केली. जिथे असा कायदा नाही तिथे झोप राखण्याची जबाबदारी घरावरच येते. मूल रात्री दोन वाजेपर्यंत जागते आहे, जेवत नाही, आवडीच्या गोष्टींतून मन काढून घेते आहे, असे दिसले तर वर्षाच्या मध्यावरसुद्धा एखादा विषय सोडता येतो. त्यासाठी काउन्सेलरकडे जावे आणि डॉक्टरांशीही बोलावे. कोणत्याही कॉलेजच्या प्रवेशापेक्षा ते मूल मोलाचे आहे.

प्रवेश परीक्षांबद्दल थोडक्यात सांगते. एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेची ऑक्टोबरातली पूर्वपरीक्षा म्हणजे पीएसएटी; तिचे अकरावीतले गुण नॅशनल मेरिट या शिष्यवृत्तीसाठी धरले जातात. एसएटी 2024 पासून संगणकावर होते आणि सव्वादोन तासांत संपते. एमआयटीने 2022 मध्ये आणि डार्टमथ, हार्वर्ड, कॅलटेक यांनी 2024 मध्ये ही किंवा तिच्यासारखी एसीटी परीक्षा पुन्हा सक्तीची केल्याचे जाहीर केले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र प्रवेशासाठी या परीक्षांचे गुण पाहतच नाही. एसएटीच्या सरावाच्या पूर्ण परीक्षा कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक या ॲपवर फुकट मिळतात. हजारो डॉलरचा क्लास लावण्याआधी निदान त्यातली एक, घड्याळ लावून, सोडवून पाहावी.

वसंतात बऱ्याच शाळा पालकांकडे एक प्रश्नावली पाठवतात आणि तिच्या आधारे काउन्सेलर शिफारसपत्र लिहितात. स्कूल काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते एका काउन्सेलरकडे 250 विद्यार्थी असावेत. अनेक शाळांत प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त असतात. तुमचे मूल त्यांना ओळखता यावे यासाठी तो कागद हे तुमच्या हातातले सर्वांत मोठे साधन आहे, आणि आपले पालक तिथे बक्षिसांची यादी लिहून मोकळे होतात. बक्षिसे अर्जात असतातच. त्याऐवजी, नागपूरच्या आजोबांना नजरेने दिसेनासे झाल्यापासून नातू रविवारी फोनवर त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, मराठी अडखळले तरी वाचतो, असे काही घडत असेल तर ते लिहावे. त्या मुलाचे नाव मग काउन्सेलरच्या लक्षात राहते. शिक्षकांकडे शिफारसपत्र मात्र मुलाने स्वतः मागावे, मे-जूनमध्ये, वर्गात जाऊन. मुलाच्या नावाने आईने लिहिलेली ईमेल आम्हा शिक्षकांना पहिल्या ओळीत ओळखू येते. शिवाय मूल अठरा वर्षांचे झाले किंवा कॉलेजात गेले की 1974 च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो, आणि ग्रेड पाहण्याचे जे पोर्टल आपण आज दिवसातून चार वेळा उघडतो त्याचा तिथे उपयोग नसतो.

शेवटी पैशाबद्दल, कारण आपल्या घरांत ही गोष्ट मुलांपासून लपवली जाते. केंद्रीय मदतीसाठीचा फॅफ्सा अर्ज बारावीच्या सुरुवातीला भरायचा असला तरी त्यात उत्पन्न पाहिले जाते ते अकरावीच्या डिसेंबरात संपलेल्या वर्षाचे. मूल आज दहावीत असेल तर नुकतेच सुरू झालेले हेच ते वर्ष. पदवीच्या विद्यार्थ्यांना केंद्रीय मदत देणाऱ्या कॉलेजांना 2011 पासून आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारे साधन, ठेवणे बंधनकारक आहे. अर्धा तास काढून चार-पाच कॉलेजांचे आकडे मुलासोबत पाहावेत आणि आपल्याला किती झेपेल ते स्पष्ट सांगावे.

ज्यांचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांनी तर हे बोलणे आणखी लवकर करायला हवे. एच-फोर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावरच्या, मुलांना केंद्रीय मदत मिळत नाही, पुष्कळ खासगी कॉलेजे आर्थिक मदतीपुरते त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात, राज्याच्या विद्यापीठात रहिवाशांची फी लागू होईल की नाही याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि एकविसाव्या वर्षी ते व्हिसावरचे अवलंबित्व संपून बहुधा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. लहानपणापासून इथेच वाढलेल्या मुलाला ही बाब बारावीच्या ऑक्टोबरात, अर्जातल्या एका चौकोनापुढे बसल्यावर कळावी, हे फार क्लेशाचे असते. मी ते चेहरे पाहिले आहेत. परदेशी विद्यार्थ्यांनाही गरजेनुसार पूर्ण मदत करणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट यांसारखी कॉलेजे आहेत, पण थोडी, आणि तिथला प्रवेश दुर्मीळ. तेव्हा या वसंताच्या सुट्टीत कॉलेजे पाहायला निघण्याआधी आईबाबांनी आपल्या व्हिसाची कागदपत्रे मुलापुढे ठेवावीत, त्याचे सगळे प्रश्न ऐकून घ्यावेत, आणि मगच कोणत्या गावाला जायचे ते तिघांनी मिळून ठरवावे.

नमस्कार.