बैल, वाघ आणि आपला जबडा

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. गोठ्यात बैल निवांत रवंथ करतोय. त्याचा खालचा जबडा बघा, वरखाली कमी अन् आडवाच जास्त फिरतो, जात्यासारखा. बैलाचा जबड्याचा सांधा सपाटसर असतो, म्हणून कडबा असा दळता येतो.

ताडोबातल्या वाघाचं याच्या उलट. त्याच्या जबड्याची आडवी कांडी खाचेत घट्ट बसलेली. जबडा बिजागरीसारखा वरखाली चालतो. सावजानं कितीही झटके दिले तरी तो सहसा निखळत नाही.

आपलं बिजागर फिरतंही आणि सरकतंही. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. लागलं हाताला? ते खालच्या जबड्याच्या हाडाचं गोल डोकं. कवटीच्या खोबणीत ते बसतं, मध्ये कूर्चेची पातळ चकती. तोंड २ ते २.५ सेंटीमीटर उघडेपर्यंत डोकं मुख्यतः जागीच फिरतं. त्यापुढे चकतीसकट घसरत खोबणीपुढच्या उंचवट्याखाली येतं. मोठ्या जांभईत कधी ते उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकतं, मग तोंड मिटतच नाही.

खालचा जबडा एकच हाड, त्यामुळे दोन्ही सांधे एका जुवाला जुंपलेले. धुऱ्यावर डवरा वळवताना आतला बैल जवळजवळ जागीच वळतो, बाहेरचा चालतो. उजवीकडे भाकर चावताना अगदी तसंच होतं: उजवं डोकं जागच्या जागी फिरतं, डावं पुढे सरकतं.

संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर गर्दी होते. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटणं चालू असतं. हा खर्रा. त्यातली सुपारी गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठवत जाते. आधी ठेचा झोंबू लागतो. मग गाल आतून दोरीसारखे ताठरतात. यातूनच पुढे तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो.

मोठ्या माणसाच्या तोंडात त्याचीच ३ बोटं एकावर एक उभी मावावीत, म्हणजे साधारण ४ सेंटीमीटर. ठेल्यावरच्या एका तरुणाला आम्ही बोटं घालून बघायला सांगितलं. दुसरं बोट दातांवरच अडलं. वय विशीतलं. बघून जीव तुटतो. सरकायला सांधा आहे, पण गाल सैल होत नाहीत.

घरी जेवताना तो भाकरीचा तुकडा वरणात भिजवतो, बोटांनी चपटा करतो आणि दातांच्या फटीतून आत सारतो.