कार्ताहेनाला मुक्कामानेच जा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘कार्ताहेना : कुठे राहावं, काय खावं, काय पाहावं’. तिन्ही सांगणार आहे, काळजी नसावी. पण त्याआधी मला एक जुनं भांडण उकरून काढायचंय, आणि इतकी शांतपणे ऐकून घेणारी माणसं घरी मिळत नाहीत.

कार्ताहेना म्हणजे कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं, कॅरिबियन समुद्राला लागून असलेलं तटबंदीचं शहर. पेद्रो दे एरेदियाने ते १५३३ साली वसवलं. दक्षिण अमेरिकेतलं सोनंनाणं स्पेनला नेणारी गलबतं इथे थांबायची, आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं इथे विकली जायची. पैसा आला तिथे दरोडा आलाच. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने शहर ताब्यात घेतलं, घरं जाळायला सुरुवात केली आणि खंडणी पदरात पडल्यावरच मुक्काम हलवला. इंग्रजांनी त्याला ‘सर’ केलेलं होतं, आपण मात्र त्याला दरोडेखोरच म्हणू. १६९७ मध्ये फ्रेंचांनी लुटलं. असे मार खात खात ते तट उभे राहिले, म्हणून आज आपण बघायला जातो.

आता भांडण. माझी लेक फ्लोरिडात असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही क्रूझ घेतली, तिच्यात कार्ताहेना होतं. मी महिनाभर आधीपासून नकाशे काढून बसलेली. जहाज सकाळी बंदराला लागलं, सहलवाल्यांनी आम्हाला बसमध्ये घातलं आणि उतरवलं ते थेट पाचूच्या दुकानात! कोलंबियाचा पाचू जगात नावाजलेला आहे, मान्य. दुकान थंडगार, विक्रेत्या मुली गोड बोलणाऱ्या. शेजारच्या बाईंनी कानातलं घेतलं, त्यांच्या यजमानांनी चेहरा घेतला. हसताय? म्हणजे तुम्हीही अशा दुकानात बसून आलाय.

तिथून सान फेलिपे किल्ल्याचा पायथा. ‘फोटोसाठी दहा मिनिटं.’ मी विचारलं, वर कधी जायचं? गाईड म्हणाला, वर ऊन फार आहे, सेन्योरा. अहो, मे महिन्यात रायगड चढलेली बाई मी! किल्ला असा समोर, उतरत्या भिंतींचे टप्पे एकावर एक चढत गेलेले, आणि मी खाली गाडीच्या सावलीत उभी. दुपारी जहाजावर परत. रात्री जेवणाच्या टेबलावर जो तो म्हणतोय, ‘चला, कार्ताहेना झालं.’

मंडळी, ‘कार्ताहेना झालं’ असं शहरात न शिरताच जाहीर करणारा सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे इंग्रजांचा ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन. ही गोष्ट मला सांगू द्या. थोडी लांबेल.

साल १७४१, महिना मार्च. व्हर्नन १८६ जहाजं आणि पंचवीस हजारांवर माणसं घेऊन आला. समोर स्पेनची सहा लढाऊ जहाजं आणि तीन-चार हजार माणसं. आरमाराचा प्रमुख ब्लास दे लेसो. या गृहस्थांचा एक पाय लढाईत गेलेला, एक डोळा गेलेला, एक हात निकामी. लोक त्याला ‘अर्धा माणूस’ म्हणायचे, तोंडावर म्हणायचे की नाही ते माहीत नाही. कार्ताहेनाच्या आखातात शिरायला बोकाचिका नावाची चिंचोळी वाट आहे. तिथले किल्ले इंग्रजांनी अनेक दिवस तोफा डागून घेतले. लेसोने वाट अडवायला स्वतःचीच जहाजं बुडवली आणि मागे सरला. व्हर्ननला वाटलं, झालं! त्याने मायदेशी जासूद धाडला की शहर पडल्यातच जमा आहे.

बातमी पोचली आणि इंग्लंडात जल्लोष. विजयाची पदकं पाडली गेली, एकदोन नव्हे, नाना तऱ्हेची. काही पदकांवर व्हर्नन ताठ उभा आणि लेसो त्याच्यापुढे गुडघे टेकून तलवार देतोय. ज्या माणसाला एक पायच नाही त्याला गुडघ्यांवर बसवलंय, कारागिराला सांगणार कोण?

इकडे काय चाललं होतं? एप्रिलमधल्या एका रात्री इंग्रजांनी याच सान फेलिपेवर हल्ला केला. शिड्या लावल्या तर त्या भिंतीला पुरेनात. उजाडलं, वरून गोळ्यांचा मारा सुरू झाला आणि शेकडो माणसं उतारावरच पडली. मग पाऊस, पिवळा ताप, अतिसार. लढाईत मेले त्याच्या कितीतरी पट तापाने मेले. मे महिन्यात आरमार निघून गेलं. शहरात एक इंग्रज शिपाई विजेता म्हणून शिरला नाही. लेसोही सप्टेंबरात तिथेच वारला. पदकं मात्र अजून संग्राहकांकडे आहेत.

जाता जाता एक गंमत. त्या इंग्रज फौजेत अमेरिकन वसाहतींतली पोरं होती. त्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन घरी परतला आणि सेनापतीच्या प्रेमाने त्याने आपल्या वाडीला नाव दिलं ‘माउंट व्हर्नन’. पुढे ती त्याच्या सावत्र भावाकडे, जॉर्जकडे आली. म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या घराला या हरलेल्या माणसाचं नाव! आणि आपले दुर्गप्रेमी मान हलवताहेत म्हणून सांगते, त्याआधी वीस वर्षं, १७२१ साली, इंग्रज आरमार पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आलं होतं. तेही हात हलवत परत गेलं. त्यांना पदकं पाडायला सवड मिळाली नसावी.

माझा मुद्दा काय? व्हर्नन गेल्यावर स्पेनचा लष्करी अभियंता आन्तोनियो दे आरेवालो याने आखाताच्या रुंद तोंडाला, बोकाग्रांदेला, पाण्याखालून भिंत घातली, १७७१ ते १७७८ अशी सात वर्षं खपून. जहाजांनी बोकाचिकानेच यावं म्हणून. ती भिंत आजही पाण्याखाली आहे. त्यामुळे आजचं क्रूझ जहाजही व्हर्ननच्याच वाटेने आत येतं, आणि आतली माणसं व्हर्ननसारखीच फोटोचं पदक छातीला लावून परत जातात. त्या शहराला सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात पाहणं म्हणजे न पाहणं. ते कोचीच्या अक्षांशावर आहे हो! दुपारी तिथली माणसंसुद्धा घरात असतात. शहर जागं होतं संध्याकाळी पाचनंतर, आणि तोवर जहाजाचा भोंगा झालेला असतो. म्हणून मी पुन्हा गेले, मुक्कामाला.

चिठ्ठी आली आहे. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, मी बघत नाहीये. बरं, आता भराभर.

राहायचं कुठे? तटाच्या आत सेंत्रो आणि सान दिएगो हे दोन मोहल्ले : देखणे आणि महाग. सान दिएगोत सांता क्लाराचा सतराव्या शतकातला मठ आहे, त्याचं आता बडं हॉटेल झालंय. राहणं परवडलं नाही तरी चौकात डोकावून या. तटाबाहेर लागूनच हेत्सेमानी : पूर्वी कारागिरांचा, गोरगरिबांचा मोहल्ला. ११ नोव्हेंबर १८११ ला स्वातंत्र्य जाहीर करायला बड्यांना भाग पाडलं ते इथल्या लोकांनी. इथे लहान लहान पाहुणघरं आहेत, माझं मत इथेच. फक्त रस्त्याकडची बाल्कनी मागू नका, आतल्या चौकाकडची खोली मागा. त्रिनिदाद चौकात रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी चालते. त्या रुंद तोंडाजवळच्या, बोकाग्रांदे याच नावाच्या नव्या वस्तीतल्या उंच इमारतींत राहायचं तर मग मायामी काय वाईट?

खायचं काय? रस्त्यावरच्या कढईजवळ उभं राहून ‘आरेपा दे उएवो’ बघा. मक्याच्या पिठाची जाडसर पुरी तळतात, फुगली की बाहेर काढून कडेला चीर देतात, आत कच्चं अंडं सोडतात, चीर पिठाने लिंपतात आणि परत तेलात. बाईचा हात एवढा बसलेला की अंड्याचा थेंब बाहेर येत नाही. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये : कच्च्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले ‘पाताकोन’, कोनफळाच्या जातीच्या कंदाचं चीज घातलेलं सूप ‘मोते दे केसो’, आणि नारळाचा भात. त्यात नारळाचं दूध आटवून आटवून तेल सुटू देतात, तळाशी तपकिरी खरपूस कीस राहतो, त्यावर तांदूळ परततात. नारळ मूळचा तिकडचा नाही बरं का. हिंदी महासागराकडचा नारळ पोर्तुगीजांनी अटलांटिकपार पोचवला. उलट तिकडचा कसावा आपल्याकडे येऊन त्याचा साबुदाणा झाला आणि एकादशीला चालू लागला. गोड खायचं तर घड्याळाच्या मनोऱ्याच्या आत शिरताच मिठाईवाल्यांची कमान लागते. तिथली ‘आलेग्रिया’ घ्या : फुलवलेली बाजरी, नारळ, गूळ, बडीशेपेचा वास. आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाची बहीण. आणि त्याच चौकात पूर्वी गुलामांचा बाजार भरायचा, हे खाताना आठवलं तर आठवू द्या.

बघायचं काय? सान फेलिपे उघडताच सकाळी चढा, वर जा! भुयारांत एकाने पाऊल टाकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, शत्रूची चाहूल लागावी म्हणून ती तशी बांधलीत. दुपारी झोपा. पाचला सांतो दोमिंगोच्या बुरुजापासून तटावरून चालत लास बोवेदासपर्यंत, म्हणजे तटातल्या जुन्या कमानदार कोठड्यांपर्यंत. प्रवाळाच्या दगडावर हात फिरवा, शंखशिंपल्यांचे ठसे बोटांना लागतात. सान पेद्रो क्लाव्हेरचं चर्च पाहा. या जेझुइट पाद्र्याने १६५४ मध्ये मरेपर्यंत बंदरावर उतरणाऱ्या गुलामांची सेवा केली, त्याच्या अस्थी वेदीखाली काचेत आहेत. कादंबरीकार गार्सिया मार्केसच्या अस्थी ला मेर्सेदच्या मठाच्या चौकात.

आणि एक दिवस सान बासिलियो दे पालेन्केला द्या, पन्नासेक किलोमीटरवर आहे. गुलामीतून पळालेल्यांनी वसवलेलं गाव, त्यांची स्वतःची भाषा आजही बोलली जाते. त्यांचा नेता बेन्कोस बिओहो याला स्पॅनिशांनी १६२१ मध्ये कार्ताहेनात ठार मारलं. शहरात डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या रंगीत झग्यांतल्या बायका दिसतात ना, त्या मूळच्या याच गावच्या. त्यांचा नुसता फोटो काढू नका, फळं घ्या, पैसे द्या.

डिसेंबर ते मार्च वारा असतो, तेव्हा जा. ऑक्टोबरात रस्त्यात पाणी तुंबतं. व्हिसाचं आणि खर्चाचं प्रश्नोत्तरांत विचारा, आणि अध्यक्ष, तुम्ही आता खरंच उठलात तरी चालेल.