आधी सांगा, मग सोडू
(लघु माहितीपट, निवेदनाचा मसुदा)

[पडदा काळा. फक्त आवाज : टक्… टक्… टक्… टक्]

हा आवाज गोटीचा आहे. साधी काचेची गोटी, आणि ती पळतेय इलेक्ट्रिशियन लोक भिंतीवर वायरी झाकायला लावतात त्या पांढऱ्या केसिंग पट्टीतून. पट्टी आठ फुटी, एका टोकाखाली एक वीट आडवी ठेवलेली, आणि पट्टीला चार ठिकाणी जाड दोरा गुंडाळलाय. गोटी दोऱ्यावरून गेली की टक्.

[वर्ग. पट्टीभोवती वाकलेली डोकी]

पुणे जिल्ह्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं एक माध्यमिक विद्यालय. नववीचा वर्ग, सेमीचा. म्हणजे पुस्तक इंग्रजीत, प्रश्न अर्धे इंग्रजीत, आणि उत्तरं मात्र पक्की गावाकडच्या मराठीत. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीचे नियम. जूनमध्ये शाळा उघडते, वह्यांना कव्हरं घालून होत नाहीत तोवर न्यूटन दारात उभा.

मॅडमनी पहिले दोन तास पुस्तक उघडूच दिलं नाही. आधी मुलांनी दोरे सारख्या अंतरावर बांधले, 40, 80, 120, 160 सेंटिमीटरवर. आणि गोटी सोडायच्या आधी मॅडमचा एकच नियम : आधी सांगा, मग सोडू. टक् कसे येतील? जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं, एकसारखे येणार, दोरे सारख्या अंतरावर आहेत ना.

[गोटी सुटते : टक्…… टक्… टक्.टक्]

एकसारखे नाही आले. पुढे पुढे घाई झाली. मग सुरू झाली सरकवासरकवी, हा दोरा वर घे, तो खाली ने, परत सोड, थांब थांब आवाज नका करू रे, एक जण डोळे मिटून फक्त कानानं ऐकतोय, एक मुलगी बाकावर पेन्सिल आपटून ताल धरतेय, आणि हे पूर्ण तासभर चाललं. आम्ही कॅमेरा बंद केला नाही कारण खरं सांगायचं तर आम्हालाही उत्सुकता होती. शेवटी जेव्हा चारही टक् जवळजवळ एका लयीत आले तेव्हा पट्टी मोजली. साधारण 10, 40, 90, 160. चौथा टक् किंचित उशिरा येतो, कारण प्रत्येक दोऱ्याला ठेचकाळून गोटीचा थोडा वेग जातो, ते मुलांनीच सांगितलं.

10, 40, 90, 160. म्हणजे एकाचा वर्ग, दोनाचा, तीनाचा, चाराचा, प्रत्येकाला दहाने गुणा. मधली अंतरं बघितली तर 10, 30, 50, 70, म्हणजे 1, 3, 5, 7. फळ्यावर हे कोणी लिहून दिलं नव्हतं.

[जुनं चित्र : उतरती लाकडी तुळई]

हाच हिशेब गॅलिलिओनं इटलीत मांडला आणि 1638 साली, म्हातारपणी घरात नजरकैदेत असताना, त्याचं पुस्तक हॉलंडमध्ये लायडनला छापून आलं. त्याच्याकडे लाकडी तुळईत कोरलेली खोबण होती, आत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलेलं, आणि कांस्याची गोळी. स्टॉपवॉच कुठलं, तो एका मोठ्या भांड्यातून बारीक नळीनं पडणारं पाणी गोळा करायचा आणि त्या पाण्याचं वजन करायचा, जितकं पाणी तितका वेळ. दोऱ्यांची आयडिया मात्र पुस्तकात नाही. स्टिलमन ड्रेक नावाच्या इतिहासकारानं 1970 च्या दशकात म्हटलं की गॅलिलिओनं बहुतेक तुळईवर तंतुवाद्याच्या पडद्यांसारखे अडथळे बांधून कानानं वेळ जुळवली असावी. पटण्यासारखं आहे, बाप वादक होता त्याचा.

[मॅडम नाणं उडवतात. स्लो मोशन]

आता हे बघा. एक नाणं वर उडवलं. हातातून सुटलंय, वर चाललंय, अजून टोकाला पोचलेलं नाही. या क्षणी त्यावर कुठलं बल आहे? (हवेचा विरोध सोडून द्या.)

[फळ्यावर खडूनं बाण काढणारी मुलं, एकामागून एक]

बाण बघा. वर, वर, वर. एकानं दोन काढलेत, वरचा मोठा, खालचा छोटा. "हाताचा फोर्स अजून त्यात हाय की मॅडम, नायतर वर कसं जाईल?"

मॅडम चूक म्हणत नाहीत. बरोबरही म्हणत नाहीत. आणि आमच्या मते सगळा खेळ इथेच आहे. बऱ्याच वर्गांत काय होतं, पहिला नियम लिहून घ्या, दुसरा लिहून घ्या, एफ बरोबर एम ए, म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, चौकट करा, आता गणित : 5 किलोची वस्तू, त्वरण 2, बल काढा. दहा न्यूटन. झालं. आणि नाण्यातला तो हाताचा जोर तसाच आत बसून राहतो, त्याला कोणी विचारतच नाही.

आणि ही काही खेड्यातल्या पोरांची गंमत नाही. जॉन क्लेमंट नावाच्या संशोधकानं 1982 मध्ये हाच नाण्याचा प्रश्न अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना विचारला होता, त्यांनीही असेच वर बाण काढले. 1985 मध्ये इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस या दोघांनी एक चाचणी छापली, आकडेमोड जवळपास नाहीच, बल आणि गतीबद्दल नुसते साधे प्रश्न. हार्वर्डच्या एरिक माझूर सरांनी ती आपल्या वर्गाला दिली तर एका विद्यार्थ्यानं त्यांनाच विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? हार्वर्डमध्ये!

बरं, चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ बुरिदाँ नावाचा मोठा विद्वान हेच शिकवायचा, की फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो जोर तिला नेत राहतो. गॅलिलिओ स्वतः तरुणपणी साधारण असंच मानायचा. त्यामुळे हा बाण काढणारा पोरगा ढ नाही, तो चांगल्या संगतीत आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासूनचं. मुलं विज्ञानाबद्दल काय विचार घेऊन वर्गात येतात, हा तिथल्या संशोधनाचा एक विषयच आहे.

[सीडी, फुगा, बाटलीचं झाकण. हातांचा क्लोजअप]

तो जोर बाहेर कसा काढायचा? भांडून निघत नाही. त्यासाठी ही सीडी. घरोघरी कपाटात पडलेली, लग्नाची नाहीतर बारशाची, आता चालवायला प्लेअरच नाही. भोकावर स्पोर्ट्स बाटलीचं वरखाली होणारं झाकण फेविक्विकनं चिकटवायचं, कडेनं हवा गळायला नको, झाकण दाबून बंद करायचं, फुगा फुगवून त्याचं तोंड झाकणावर चढवायचं. अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी ज्यांना माहीत आहेत त्यांना ही जातकुळी ओळखीची वाटेल, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या टीमनं असली कितीतरी केलीत.

[सीडी ओट्यावर. झाकण उघडतं. सीडी आपोआप सरकत सिंकमध्ये]

हां, हे ठरलेलं नव्हतं. प्रयोगशाळेचा ओटा, त्याला पाणी जायला सिंककडे उतार असतो, डोळ्याला दिसत नाही पण सीडीला बरोब्बर कळतो. मग मोर्चा लायब्ररीच्या टेबलावर.

[लायब्ररीचं टेबल. सीडी शांत उभी]

परत तेच, आधी सांगा. फुगा उघडला, हात लावला नाही तर काय होईल? अर्धा वर्ग म्हणतो पळेल, फुगा ढकलणार तिला. झाकण उघडलं, हवा फुसफुसतेय, आणि सीडी आहे तिथेच, जराशी थरथरते फक्त. हवा सगळीकडे सारखी जातेय, तिला उचलून धरतेय, कुठेच ढकलत नाहीये. आता बोटानं एक हलकी टिचकी.

[स्लो मोशन : सीडी टेबलभर सरकते. इथे निवेदन नको, मुलांचा आवाज तसाच ठेवा]

टिचकी संपली. बोट मागे राहिलं. सीडी चाललीच आहे, आणि टेबलाच्या या टोकाला जेवढा वेग होता साधारण तेवढाच त्या टोकाला. मग फुग्यातली हवा संपते आणि ती खर्रकन थांबते. एक मुलगा, मगाचा दोन बाणवाला, म्हणतो, "म्हणजे थांबवायला फोर्स लागतो, चालायला नाय." मॅडम म्हणाल्या हे तुझ्या शब्दात वहीत लिही, आणि त्यानं लिहिलं, वही दिसतेय बघा, खाडाखोड करून. पुस्तकातला पहिला नियम त्यानंतर वाचला.

नाणं परत घेतलं. हातातून सुटलेल्या नाण्यावर बल एकच, पृथ्वीची ओढ, खाली. या वेळी वरचे बाण कमी होते. संपले नव्हते, कमी होते.

[मैदान. दोन मुलं, दोन हूकवाले काटे]

तिसरा नियम, क्रियेला तेवढीच उलट दिशेची प्रतिक्रिया, सगळ्यांना पाठ असतो, अगदी भाषणातसुद्धा येतो, आणि वाटोळंही सगळ्यात जास्त त्याचंच होतं. हे दोन काटे रद्दीवाल्याचे, एका दिवसापुरते मागून आणलेले. हूकमध्ये हूक अडकवला, एका बाजूला वर्गातला सगळ्यात दांडगा कबड्डीपटू, दुसरीकडे पहिल्या बाकावरची सगळ्यात किरकोळ मुलगी. ओढा. पण आधी सांगा, कुणाचा काटा जास्त दाखवेल?

सगळ्यांचं बोट कबड्डीपटूकडे.

[क्लोजअप : दोन काटे]

इकडे बारा, तिकडे बारा. एकाचा झीरो थोडा सरकलेला आहे म्हणून साडेबारा वाटतं. त्यानं आणखी जोर लावला, दोन्ही वाढले. तिनं सैल सोडलं, दोन्ही उतरले. पोरं काटे बदलून बघतात, मुलं बदलून बघतात, एक जण काटा चक्क कानाला लावतो, कशासाठी ते देव जाणे.

मग जिंकतं कोण आणि का? मॅडमनी कबड्डीपटूला व्हरांड्यातल्या गुळगुळीत फरशीवर, गोणपाटावर उभं केलं. आणि ती मुलगी अनवाणी, खरबरीत सिमेंटवर.

[कबड्डीपटू गोणपाटासकट घसरत येतो. हशा]

काटे अजूनही सारखेच होते. फरक पायाखाली होता, जमीन कुणाला किती धरून ठेवते त्याचा. यातच बैलगाडीचं कोडं सुटतं जे कितीतरी मोठ्या माणसांनाही सुटत नाही : गाडी बैलाला तेवढ्याच जोरानं मागं ओढते, मग गाडी चालते कशी? खुराकडे बघा.

[बैलाचा खूर चिखलात रुततो, माती मागे सरकते]

खूर जमिनीला मागं रेटतो, जमीन बैलाला पुढं रेटते. गाडी बैलाला ओढते आणि बैल गाडीला ओढतो ही जोडी सारखी आहेच, पण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहे, एकमेकींतून वजा करायची नाही. बैल हलतो की नाही हे बैलावरच्या बलांवरून ठरतं : जमिनीचा रेटा पुढं, गाडीची ओढ मागं. शेतकऱ्याच्या पोराला हे अर्ध्या मिनिटात कळलं, चिखलात बैल बसला की काय होतं ते त्यानं बघितलेलं असतं.

[मोबाइलच्या स्क्रीनवर चंद्राचा व्हिडिओ, कडेनं मुलांचे चेहरे]

हा 1971 चा, अपोलो 15 या चांद्रमोहिमेचा. अंतराळवीर डेव्हिड स्कॉटच्या एका हातात हातोडा, दुसऱ्यात ससाण्याचं पीस. आधी सांगा. यावर वर्गात भांडण झालं, एक गट म्हणे दोन्ही तरंगतील, तिथे हवा नाही तर ग्रॅव्हिटी कुठून असणार. दोन्ही एकदम खाली पडले. हवा आणि गुरुत्वाकर्षणाचा काही संबंध नाही यावर अजून एक तास गेला असता, पण गुरुत्वाकर्षण दहावीच्या धड्यात येतं, असं म्हणून मॅडमनी घंटा व्हायच्या आत मोबाइल खिशात टाकला.

घटक चाचणीत गणितांचे मार्क साधारण होते तेवढेच आले, कारणं द्या मध्ये बरं लिहिलं, आणि धडा ठरल्यापेक्षा लांबला म्हणून पुढचा कार्य आणि ऊर्जेचा धडा पळवत घ्यावा लागला.

[पट्टी, वीट, गोट्या एकत्र मांडलेल्या]

कुणाला वर्गात करून बघायचं असेल तर पट्टी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, खालची खोलगट बाजू तेवढी घ्या, वरचं झाकण लागत नाही. पट्टी मधे लवते, म्हणून खाली दोन-तीन ठिकाणी वह्या सरकवून ती सरळ करून घ्या, नाहीतर सगळं गणित बिघडतं. गोटी काचेचीच, खपल्या न उडालेली. दोरा गोधडी शिवायचा चालतो, शिलाई मशीनचा फार बारीक होतो, आवाज येत नाही. आणि अंतर पट्टीच्या टोकापासून नका मोजू, गोटी जिथून सोडता तिथून मोजा.