बिल लिहिणाऱ्याला आधी सांगा

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. आंबा उतरला, काजू बीची पोती गोदामात लागली आणि मिरग दारात आलाय. आपल्या सिंधुदुर्गातल्या व्यापाऱ्याला वर्षात निवांत बसायला मिळते ती एवढीच संध्याकाळ, आणि ती तुम्ही करावरच्या भाषणाला दिलीत. म्हणून मनात आहे ते स्पष्टच बोलते.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बदलते कर-नियम आणि छोटा व्यापारी : काय करावं’. त्या ‘काय करावं’कडे येतेच. पण त्याआधी गेली कित्येक वर्षं डोक्यात घोळत असलेली एक गोष्ट सांगायची आहे. नियम बदलला की तो आधी कळतो आम्हाला, करसल्लागारांना. आमच्याकडून मालकाला, तेही भेट झाली तर. आणि गल्ल्यावर बसून बिल लिहिणारी मुलगी, गोदामात काट्यावर उभा राहून चिठ्ठी फाडणारा पोरगा, त्यांना सगळ्यात शेवटी कळतो, किंवा कळतच नाही. आणि विवरणपत्र उभं राहतं ते त्यांनीच लिहिलेल्या कागदावर. हा क्रम उलटा झाला पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावात एक बाई काजूचा छोटा कारखाना चालवतात. सात-आठ बायका बी फोडायला, घरामागे भाजायची भट्टी, मार्चपासून मेपर्यंत खरेदी आणि मग वर्षभर गर विकायचे. गिऱ्हाईक पक्कं बिल मागायला लागलं म्हणून त्यांनी जीएसटीची नोंदणी घेतली. कागदपत्रं कमी लागावीत म्हणून कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर-योजना, घेतली. उत्पादकाला उलाढालीवर १ टक्का कर, दर महिन्याचं विवरणपत्र नाही. तो सल्ला माझाच होता.

आता काजू बीची गंमत तुम्हाला ठाऊक आहे, निदान इथे बसलेल्या कारखानदारांना तरी. न सोललेली बी शेतकऱ्याकडून घेतली तर त्यावरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही, घेणारा भरतो. उलटा कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्या दिवसापासून हा नियम आहे. नियमित नोंदणीत तुम्ही तो रोखीने भरता आणि नंतर गरावरच्या ५ टक्क्यांतून वजा करून घेता, म्हणजे पैसा काही दिवस अडकतो एवढंच. पण कंपोझिशनवाल्याला क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची ही वजावट, मिळतच नाही. भरलेला कर सरळ मालाच्या किमतीत जातो. शिवाय कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. आपल्याकडे राज्याबाहेर म्हणजे कुठे? तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, झालं. मापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या दुकानदाराने दोन डबे गर मागितले तर त्या पाठवू शकत नव्हत्या.

२०१८ च्या हंगामात त्यांनी १२ लाखांची बी घेतली, २०१९ ला १५ लाखांची. उलटा कर एकदाही भरला नाही. २०२० संपता संपता नोटीस आली. ६० हजार अधिक ७५ हजार, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या वर, दंडाची गोष्ट वेगळी. बाई माझ्याकडे आल्या, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “माका कोणी सांगूकच नाय.”

मी त्यांना सांगितलं होतं, असं मला वाटत होतं. डायरी काढून बघितली. नोंदणीच्या दिवशी मी कंपोझिशनचा दर सांगितला होता, तिमाहीची तारीख सांगितली होती, उलट्या कराबद्दल एक ओळ नव्हती. त्या दिवसाची लाज अजून गेलेली नाही.

खरं सांगायचंय ते पुढे आहे. खरेदीच्या चिठ्ठ्या मागवल्या. पिशवी भरून आल्या. चिठ्ठीवर नाव आणि किलो, बस. आता कर लागतो तो शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवर. त्यातली बरीच बी गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या लहान व्यापाऱ्यांकडून आली होती. त्या खरेदीवर हा कर बसत नव्हता. पण चिठ्ठीवरचा माणूस बागायतदार की व्यापारी, हे कुठे लिहिलेलं? कुठेच नाही. अधिकाऱ्याने सगळी खरेदी शेतकऱ्याची धरली, आणि त्याला चूक म्हणायला माझ्या हातात कागद नव्हता.

चिठ्ठ्या लिहायची त्यांची सून. तिला बोलावलं. एकेक चिठ्ठी बघून ती सांगत गेली, हा आमच्या वरच्या वाडीतला, त्याची स्वतःची झाडं. हा टेम्पो घेऊन येतो. याची बी ओली असायची म्हणून वजन कापलेलं. दोन वर्षांपूर्वीची खरेदी तिला तोंडपाठ! तिला नुसतं एवढं सांगितलं असतं की नावापुढे ‘शे’ किंवा ‘व्या’ लिही, तर त्या घराचे निदान काही हजार वाचले असते. तिला कायदा शिकवायची गरज नव्हती. एक अक्षर सांगायचं होतं. तेव्हापासून नवा नियम आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते : यामुळे बिलावर किंवा चिठ्ठीवर कुठलं अक्षर वाढतंय, आणि ते कोण लिहिणार?

नियम किती बदलतात त्याचं थोडं बोलायला हवं, कारण इथले काही जण अजून म्हणतात की एकदा शिकलं की झालं. ३बी, म्हणजे विक्री आणि कराच्या गोषवाऱ्याचं विवरणपत्र, २०१७ मध्ये पहिल्या दोन महिन्यांची सोय म्हणून आलं. अजून आहे. जीएसटीआर-२ आणि ३ ही विवरणपत्रं कागदावर आली आणि बाजूला पडली. एप्रिल २०१८ ला मालाच्या वाहतुकीसोबतचं ई-वे बिल. जानेवारी २०२१ ला ५ कोटींपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्याला तीन महिन्यांतून एकदा विवरणपत्राची सोय. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची, उलाढालीची मर्यादा २०२० च्या ऑक्टोबरात ५०० कोटी होती, ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आली. म्हणजे जो नियम ‘मोठ्यांचा’ म्हणून आपण वाचलाही नाही, तो तीन वर्षांत कुडाळच्या बाजारपेठेत येऊन उभा राहिला. ३ सप्टेंबर २०२५ ला दर बदलायचं ठरलं तेव्हा अनंत चतुर्दशीही व्हायची होती, आपली अर्धी दुकानं गणपतीत. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू. साबण, टूथपेस्ट, शॅम्पू १८ वरून ५ वर. गिऱ्हाइकाचं भलं झालं, मला त्याचा आनंदच आहे. पण १९ दिवसांत प्रत्येक दुकानाचं बिलिंग बदलायचं होतं, आणि ते बदलणारा माणूस एका गावात एकच.

म्हणून माझी एक मागणी आहे, ती मी दर व्यासपीठावरून करते. आपल्या दर्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. ही तारीख किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक आहे. जाळी कधी विणायची, इंजिन कधी उघडायचं, खलाशी कधी बोलवायचे, सगळं त्या तारखेवर बांधलेलं. कर-नोंदींच्या नियमांनाही वर्षातून एकच तारीख असावी. दर कमी करायचा असेल तर करा कधीही, लोकांना दिलासा हवाच. पण फॉर्मचा रकाना, बिलाचं अक्षर, भरायची पद्धत, हे १ एप्रिललाच बदला, आणि तीन महिने आधी मराठीत सांगा. मी लेखी निवेदनं दिली आहेत, यापुढेही देत राहणार आहे. तुमच्या व्यापारी संघानेही द्यावं.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २२ जुलै २०२१. चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तो दिवस. महाराष्ट्रातल्या तिमाहीवाल्यांची ३बी भरायची शेवटची तारीखही तीच होती. पाणी ओसरल्यावर मी तिथल्या आमच्या व्यवसायबंधूंच्या मदतीला गेले. वह्यांचा चिखल झालेला, संगणक उलटा केला की पाणी पडत होतं. कायदा सांगतो, वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपा. एका किराणा दुकानदाराची मुलगी पुण्यात नोकरीला, ती रोज रात्री वडिलांच्या बिलबुकाचे फोटो मागवून घ्यायची, फक्त बाबा दुकानात आहेत ना एवढं कळावं म्हणून. त्या फोटोंवरून आम्ही त्यांचं सगळं वर्ष उभं केलं. एकाही वहीचं पान शिल्लक नव्हतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, दहा मिनिटं. तर ‘काय करावं’ ते भरभर सांगते, लिहून घ्या.

काजूवाल्यांनो, शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीचं बिल तुम्हीच तुमच्या नावे लिहायचं असतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला माल आल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. एप्रिलात आलेल्या पोत्याचं बिल पावसात निवांत लिहू, हे आता चालत नाही. विकणाऱ्याचं नाव, गाव, शेतकरी की व्यापारी, हे काट्यावरच लिहा. आणि कंपोझिशनमध्ये असाल तर उलट्या कराचा आकडा धरून पुन्हा एकदा हिशेब मांडा, एप्रिलात बाहेर पडणं परवडेल का ते बघा.

जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात जी विक्री दाखवाल तीच आता ३बीत येते आणि तिथे दुरुस्त होत नाही. जुलै २०२५ च्या महिन्यापासून हे कुलूप लागलंय. चूक सापडली तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये सुधारा. पूर्वी मी महिन्याच्या २० तारखेला बसून चुका दुरुस्त करायची, आता चूक बिलावरच थांबवावी लागते. उलाढाल नसली तरी कोरं विवरणपत्र भरा, नाहीतर दिवसाला २० रुपये चढतात, उलाढाल असेल तर ५०. आणि तीन वर्षं उलटून गेलेलं विवरणपत्र भरताच येत नाही.

घरगुती निवासवाले मालवण-तारकर्लीहून आलेत. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, पण क्रेडिट नाही. नव्या गाद्या, एसी घेताना दिलेला कर परत मिळेल असं धरून भाडं ठरवू नका. नोंदणीची मर्यादा सेवेला २० लाख, मालाला ४० लाख. दोन्ही करत असाल तर एकदा माझ्याशी बोला.

आयकर. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, १९६१ चा गेला. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांच्याऐवजी एकच ‘कर वर्ष’. कलमांचे आकडे बदललेत, म्हणून जुन्या चलनाची नक्कल करून पाठवू नका. पण यंदा भरायचं २०२५-२६ चं विवरणपत्र जुन्याच कायद्याचं, हे विसरू नका. आणि ज्यांचा माल मुंबईचा व्यापारी घेतो आणि सहा महिने पैसे देत नाही, त्या लघुउत्पादकांनी उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करून तो क्रमांक बिलावर छापा. त्यांचे पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर करारात ठरलेली, पण जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. हे त्याला नम्रपणे एकदा कळवा, पैसे लवकर येतात असा माझा अनुभव आहे.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकानातल्या लिहिणाऱ्या माणसाला समोर बसवून दहा मिनिटं बोला. या महिन्यात काय वेगळं लिहायचं, एवढंच. त्या सूनबाईंच्या कारखान्यात काट्याच्या वर एक पुठ्ठा टांगलाय, त्यावर खडूने ती स्वतः लिहिते. मागच्या हंगामात त्यांची एकही चिठ्ठी मला परत पाठवावी लागली नाही. त्या काजूवाल्या बाई आता नियमित नोंदणीत आहेत, आणि गर मापशाला जातात.

वेळ संपली. उद्या सकाळी दहा ते एक मी इथेच वाचनालयाच्या पडवीत बसते. यंदाच्या बीच्या चिठ्ठ्या असतील तशा घेऊन या, भिजलेल्या, फाटक्या, कशाही. आणि ज्यांनी त्या लिहिल्यात त्यांना सोबत आणा.